पुंजयामिकीचा पहिला धडा

विद्यापीठांत पदार्थविज्ञान शिकणाऱ्या विद्यार्थ्यापुढें पुंजयामिकी, म्हणजे क्वांटम मेकॅनिक्स, हा विषय आला कीं भल्याभल्यांचा धीर सुटतो. शाळेंत गणितांत पहिला येणारा मुलगाही ‘हें आपल्यानें होणार नाहीं’ असें म्हणूं लागतो. ही अडचण नेमकी कोठें आहे, तें विद्यार्थ्यांस व त्यांच्या मातापितरांस कळावें म्हणून या विषयाचा पहिला धडा आम्ही येथें देत आहों.

एका भिंतीस दोन अतिशय अरुंद फटी असून तिच्यापलीकडे पडदा आहे, अशी कल्पना करूं. भिंतीकडे एका वेळीं एकच इलेक्ट्रॉन सोडला, तर पडद्यावर एकच ठिपका उमटतो. परंतु असे सहस्रावधि ठिपके जमले म्हणजे त्यांचे पट्टे दिसूं लागतात. कोठें दाट गर्दी, तर कोठें जवळजवळ कांहींच नाहीं. जपानांत तोनोमुरा व त्यांचे सहकारी यांनीं १९८९ सालीं, फटींच्या जागीं विद्युद्भारित सूक्ष्म तंतु योजून, हे पट्टे ठिपक्याठिपक्यानें कसे बनतात तें दाखविलें.

आतां हिशेब पाहूं. ठिपक्याकडे जाणाऱ्या प्रत्येक वाटेस एक संख्या असते. दोन्ही संख्यांची आधीं बेरीज करावयाची व मग त्या बेरजेचा वर्ग करावयाचा. ठिपका तेथें पडण्याची शक्यता त्या वर्गाच्या प्रमाणांत असते. दोन्ही संख्या १ असल्या तर बेरीज २ व वर्ग ४. एक १ व दुसरी उणें १ असली तर बेरीज शून्य; तेथें ठिपका पडतच नाहीं. इलेक्ट्रॉन कोणत्या फटींतून गेला हें टिपण्याची व्यवस्था केली, तर मात्र दोन वर्गांची बेरीज होऊन दोन्ही ठिकाणीं २ येतात आणि पट्टे नाहींसे होतात.

हिशेब तर सोपा आहे! मग विद्यार्थी अडतो कोठें? ‘पण टिपलें नाहीं तेव्हां तो खरोखर कोणत्या फटींतून गेला?’ या प्रश्नाशीं. चेंडूचें चित्र मनांतून जात नाहीं, आणि हिशेब तर त्या चित्रांत बसत नाहीं. या प्रश्नावर थोर शास्त्रज्ञांतही मतभेद आहेत. तेव्हां तो पडणें हें मंदबुद्धीचें लक्षण नव्हे.

१९२४ सालीं ढाका विद्यापीठांत अध्यापन करणारे सत्येंद्रनाथ बोस यांस प्लांकच्या नियमाची रूढ उपपत्ति पटेना. त्यांनीं ती नव्यानें मांडून आइन्स्टाइन यांस पाठविली, व आइन्स्टाइन यांनीं स्वतः तिचें जर्मन भाषांतर करून ती प्रसिद्ध करविली. न पटलेली गोष्ट त्यांनीं लपविली नाहीं, हेंच येथें शिकावयाचें.

म्हणून विद्यार्थ्यांनीं बीजगणित आतांच पक्कें करावें. पुढें याच संख्या उणें एकाच्या वर्गमूळासह येतात. रोज एक तरी उदाहरण स्वहस्तें सोडवावें व शंका उघडपणें विचारावी. आणि मातापितरांनीं पहिल्या परीक्षेंतील अपयशास मुलाच्या बुद्धीचा अखेरचा निकाल समजूं नये.