नकाशावरील शर्यत व आपले डोंगर

गतवर्षीं लेण्यांच्या डोंगरावर नकाशा व होकायंत्र घेऊन जी शर्यत झाली, तिचा मार्ग मीं आंखला होता आणि तो चुकीचा आंखला होता. चौथें ठाणें मीं एका कड्याच्या पायथ्याशीं ठेविलें. वरच्या सपाटीवरून तेथील नारिंगी-पांढरें निशाण अगदीं हाताशीं दिसे. त्यामुळें दोन मुलें वळसा सोडून तो कडाच उतरूं लागलीं. मीं ओरडून त्यांस थांबविलें व शर्यत तेथेंच बंद केली.

ह्या खेळास ओरिएंटियरिंग म्हणतात. स्वीडनमधील मेजर अर्न्स्ट किलांडर ह्यांनीं १९१९ सालीं स्टॉकहोमजवळ मोठी शर्यत भरविली, तेव्हांपासून त्याचा प्रसार वाढला. आंतरराष्ट्रीय संघ १९६१ सालीं स्थापन झाला. नकाशांत दाखविलेलीं ठाणीं क्रमानें गांठावयाचीं, वाट मात्र ज्याची त्यानें निवडावयाची. ज्या टप्प्यांत निवडीस वाव नाहीं, त्यांत केवळ पायांची परीक्षा होते.

योगायोग असा कीं, आपल्या खडकाचें नांवही स्वीडनकडूनच आलें आहे. दख्खनच्या काळ्या खडकास 'ट्रॅप' म्हणतात. त्याचें मूळ 'ट्रप्पा', म्हणजे जिना. लाव्हाचे थर एकावर एक सांचले. कठीण थरांचे कडे झाले, मऊ थर झिजून सपाट्या झाल्या. छत्रपती संभाजीनगरांत बिबीच्या मकबऱ्यापाशीं उभें राहून उत्तरेस पाहिलें म्हणजे ह्या पायऱ्या दिसतात.

मार्ग आंखणारास ही भूमि उदार आहे, तशीच फसवी आहे. सपाटीनें लांब वळसा घ्यावा, कीं घळीनें सरळ चढावें? असा प्रश्न धांवणाऱ्यापुढें टाकण्यास ह्याहून चांगली जागा कोणती! परंतु झाडी विरळ. उघड्या सोंडेवरील निशाण दुरून दिसलें कीं नकाशाकडे कोण पाहतो? म्हणून ठाणें घळीच्या वळणांत असावें. तथापि झुडपांत दडवूं नये, कारण मग तें बुद्धीनें नव्हे, नशिबानें सांपडतें. शिवाय पावसाळ्यानंतर गवताखालीं सुटे दगड झांकलेले असतात. त्या दिवसांत उतारावर धांवावयास लावणें मला पसंत नाहीं.

आतां माझ्या चुकीचें कारण. मीं सर्व्हे ऑफ इंडियाचा १:५०,००० प्रमाणाचा नकाशा वापरला. त्यांत समोच्च रेषा २० मीटरांच्या अंतरानें असतात. दहा मीटर उंचीचा कडा दोन रेषांमध्यें सहज लपतो. शर्यतीचा नकाशा १:१५,००० किंवा १:१०,००० प्रमाणाचा असतो, रेषा बहुधा ५ मीटरांच्या, आणि न ओलांडण्याजोगा कडा ठळक काळ्या रेषेनें दाखविलेला. मेजावर बसून मार्ग आंखणाऱ्यानें निदान तेवढा नकाशा तरी पुढें घ्यावा. मीं तोही घेतला नाहीं, आणि तो टप्पा पायीं तपासलाही नाहीं.

चढाविषयीं नियम असा कीं, एकूण चढ जवळांतल्या जवळच्या योग्य वाटेच्या लांबीच्या ४ टक्क्यांहून सहसा अधिक नसावा. म्हणजे ३ किलोमीटरांस १२० मीटर. आपल्या डोंगरावर हा हिशेब पहिल्या दोन ठाण्यांतच संपूं शकतो.

यंदा चौथें ठाणें घळीच्या मुखाशीं आणलें आहे. मार्ग मीं दोनदां चालून पाहिला. पाऊस संपल्यावर पुन्हां जाईन. बरोबर तीं दोन मुलेंही येणार आहेत. कड्याची काळी रेषा नकाशावर कोठून कोठपर्यंत ओढावयाची, हें त्यांनीं ठरवावयाचें आहे.