विंडोज पुन्हा टाकली की फोटो जातात का?

प्रश्न : आमचा घरचा कॉम्प्युटर सुरू व्हायलाच पाच-दहा मिनिटे घेतो आणि मध्येच अडकतो. दुरुस्तीवाले म्हणतात, "फॉरमॅट मारून विंडोज नवीन टाकावी लागेल." त्यात मुलांचे लहानपणापासूनचे फोटो आहेत आणि सासऱ्यांनी टाइप केलेल्या आठवणी आहेत. विंडोज नवी टाकली की हे सगळे जाणारच का? – एक वाचक भगिनी, सातारा

उत्तर : जाणारच, असे मुळीच नाही. दुरुस्तीवाल्यांनी दोन वेगळी कामे एका दमात सांगितली, घोळ तिथेच झाला. विंडोज पुन्हा टाकणे म्हणजे यंत्रणेच्या फायली नव्या करणे. फॉरमॅट करणे म्हणजे डिस्कच्या एका भागातले होते नव्हते ते काढून टाकणे. पहिल्यासाठी दुसरे करावेच लागते असे नाही. फॉरमॅट केला की काम लवकर उरकते आणि जुना व्हायरस, जुना बिघाड मागे राहत नाही, म्हणून दुकानात बहुधा तोच रस्ता धरतात. त्यांची सोय खरी आहे, पण फोटो तुमचे आहेत.

आता फायली असतात कुठे ते पाहू. "माझे सगळे डेस्कटॉपवर आहे, सी ड्राइव्हवर काही नाही," असे पुष्कळजण सांगतात. प्रत्यक्षात डेस्कटॉप, डॉक्युमेंट्स, पिक्चर्स आणि डाउनलोड्स ही फोल्डरे सी ड्राइव्हवरच, 'यूजर्स' या फोल्डरात असतात. सी फॉरमॅट झाला की तीही जातात. डी ड्राइव्हवरचे त्या वेळी वाचते, पण पुष्कळ घरगुती कॉम्प्युटरांत सी आणि डी हे एकाच डिस्कचे दोन भाग असतात. डिस्कच बिघडली तर दोन्ही एकदम जातात.

विंडोज चालू होत असेल तर फायली राखून ती नवी करण्याचे दोन मार्ग आहेत. पहिला असा : मायक्रोसॉफ्टच्या संकेतस्थळावरून विंडोजची आयएसओ फाइल उतरवायची, चालू विंडोजमध्येच ती उघडून सेटअप सुरू करायचा आणि 'फायली व ॲप्स ठेवा' हा पर्याय निवडायचा. यात प्रोग्रामही जागेवर राहतात. दुसरा मार्ग सेटिंग्जमधल्या रिकव्हरीत 'रीसेट धिस पीसी' या नावाने असतो. तिथे 'कीप माय फाइल्स' निवडले तर तुमच्या फायली राहतात, मात्र बाहेरून टाकलेले प्रोग्राम निघून जातात आणि पुन्हा बसवावे लागतात. त्याच्या शेजारचा 'रिमूव्ह एव्हरीथिंग' हा पर्याय नावाप्रमाणेच वागतो, म्हणून बटण दाबण्याआधी दोनदा वाचा.

खरा धोका तिसऱ्या, म्हणजे पेन ड्राइव्हवरून कॉम्प्युटर सुरू करण्याच्या मार्गात आहे. तिथे डिस्कच्या भागांची यादी समोर येते, पण त्यात सी, डी अशी ओळखीची अक्षरे नसतात. पार्टिशनचे नुसते क्रमांक आणि आकार दिसतात. घाईत चुकीच्या ओळीवर 'डिलीट' किंवा 'फॉरमॅट' दाबले जाते ते इथेच. काही न पुसता जुन्याच भागावर विंडोज बसवली, तर जुन्या फायली सहसा 'विंडोज डॉट ओल्ड' नावाच्या फोल्डरात सरकवल्या जातात. पण ते फोल्डर साधारण दहा दिवसांनी आपोआप पुसले जाऊ शकते. त्यातले हवे ते पहिल्याच दिवशी बाहेर काढायला हवे. विंडोज ११च्या अलीकडच्या इन्स्टॉलरमध्ये तर सगळे पुसले जाणार याला तुमची संमतीच आधी मागतात.

"फॉरमॅट झाला तरी रिकव्हरी होते की," असा दिलासा कुणी दिला तर त्यावर विसंबू नका. जुन्या फिरत्या हार्ड डिस्कवर, वर नवे काही लिहिले गेले नसेल, तर कधीकधी ते जमते. एसएसडीवर फॉरमॅटबरोबर रिकामे झालेले कप्पे आतूनच साफ होऊ लागतात, आणि मग हाती काही लागण्याची आशा फार थोडी उरते.

म्हणून मार्ग कोणताही असो, आधी सगळ्याची प्रत बाहेरच्या हार्ड डिस्कवर घ्या आणि ती दुसऱ्या कॉम्प्युटरला लावून चार-दोन फोटो उघडून पाहा. कॉम्प्युटर विंडोजच्या 'बिटलॉकर' या कुलपाने एन्क्रिप्टेड असेल तर त्याची ४८ आकडी रिकव्हरी की आधीच लिहून ठेवा. अनेकदा ती मायक्रोसॉफ्ट खात्यात सापडते. ती नसेल तर डिस्क शाबूत असूनही कुलूपबंद राहते.

सासऱ्यांच्या आठवणींसाठी वेगळी काळजी हवी. त्या कृतीदेव किंवा श्रीलिपीसारख्या जुन्या फॉन्टमध्ये टाइप केल्या असतील, तर नव्या विंडोजमध्ये फाइल उघडल्यावर पडद्यावर रोमन अक्षरांचा अर्थहीन गोंधळ दिसेल. फाइल बिघडली असे समजून ती पुसू नका. या फॉन्टमध्ये रोमन अक्षरांच्या जागी मराठी अक्षरांचे आकार बसवलेले असतात. फॉन्ट नसला की खालची रोमन अक्षरे उघडी पडतात, आणि तो परत टाकला की मराठी परत दिसते. म्हणून आताच सी ड्राइव्हवरील विंडोजच्या 'फॉन्ट्स' फोल्डरातून तो फॉन्ट काढून प्रतीसोबत ठेवा. शक्य झाले तर मजकूर युनिकोडमध्येही बदलून घ्या.

शेवटी तुमच्या मूळ तक्रारीकडे येतो. सुरू व्हायला एवढा वेळ लागतो, त्याचे कारण कित्येकदा विंडोज नसून थकलेली हार्ड डिस्क हे असते. तसे असेल तर त्याच डिस्कवर नवी विंडोज टाकून थोडे दिवस बरे वाटेल, एवढेच. दुरुस्तीवाल्यांना आधी डिस्क तपासायला सांगा. ती थकलेली निघाली, तर प्रत घेऊन झाल्यावर जुनी डिस्क काढून ठेवायला सांगा आणि विंडोज नव्या एसएसडीवर टाकून घ्या. विंडोज १० किंवा ११चा डिजिटल परवाना मुख्यतः मदरबोर्डशी जोडलेला असतो, त्यामुळे डिस्क बदलली म्हणून सहसा नवा परवाना विकत घ्यावा लागत नाही. आणि नव्या डिस्कवर सगळे फोटो नीट उघडत आहेत याची खात्री होईपर्यंत ती जुनी डिस्क कुणाला देऊ नका, फॉरमॅटही करू देऊ नका.