किनाऱ्यावर तंबू कुठे ठोकावा?

प्रश्न : डिसेंबरात मुलांना घेऊन श्रीवर्धनहून गणपतीपुळ्यापर्यंत किनाऱ्याकिनाऱ्याने गाडीने जायचं आहे. रात्री तंबूत राहता येईल का?

उत्तर : येईल, पण पुळणीवर नको. भरतीने आणून टाकलेल्या काटक्याकचऱ्याची रेघ दिसते, तिच्या बरंच वर, गावात विचारूनच जागा घ्या. अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणाला पाणी आणखी वर चढतं. मला विचाराल तर एखाद्या घरगुती खानावळीचं अंगण उत्तम. न्हाणीघर मिळतं, शिवाय सोलकढी. फक्त माडाखाली झोपू नका! वाटेत बागमांडला–वेसवी, दाभोळ–धोपावे आणि तवसाळ–जयगड इथल्या फेरीबोटी गाडीसकट खाडीपार नेतात. शेवटच्या बोटीची वेळ आधीच विचारून ठेवा. ती चुकली तर अंधारात घाटवळणांचा लांबलचक वळसा पडतो.