गणिताची भीती

मुलांनो, गणिताच्या तासाला तुमच्यापैकी कोणाच्या पोटात दुखते का? माझ्या दुखत असे. मी सहावीत होतो. सरांनी मला फळ्याजवळ बोलावले व विचारले, "सात आठे किती?" घरी अम्मीसमोर पाढे घडाघडा म्हणणारा मी, हातात खडू धरून गप्प उभा राहिलो. सगळा वर्ग हसला. दुसऱ्या दिवशी मी शाळेतच गेलो नाही.

भीती वाटली, की मन काळजीने भरून जाते. मग येत असलेले उत्तरही आठवत नाही. म्हणून काही आपली बुद्धी कमी ठरत नाही.

अशा वेळी संख्या फोडून पाहा. ७ म्हणजे ५ आणि २. पाच आठे चाळीस, दोन आठे सोळा. ४० + १६ = ५६. पाढा विसरला, तरी उत्तर मिळाले! उर्दूत बीजगणिताला आपण अलजबरा म्हणतो. मूळ अरबी शब्द 'अल-जब्र'. त्याचा एक अर्थ आहे, मोडलेले सांधणे.

उदाहरण चुकले, तर ते खोडू नका. त्याच्याच खाली पुन्हा सोडवा. कोणत्या पायरीवर चुकले, ते लगेच दिसते.

माझ्या वर्गात आता फळ्याकडे दोघे मिळून येतात. एक जण लिहितो, दुसरा मोठ्याने वाचतो.