मधातील शिफा आणि तिच्यामागची एकजूट

औंढा नागनाथ तालुक्यातील शिरड शहापूरच्या शिवारात आपण राहत असाल, तर उंच फांदीला लटकलेले आग्या मोहोळ आपण पाहिलेच असेल. सूरह नहलच्या 68 व 69 या आयतींत अल्लाह तआलाने मधमाशीला डोंगरात, झाडांवर आणि माणसांनी उभारलेल्या मांडवांवर घरे करण्याची प्रेरणा दिल्याचे सांगितले आहे. तिच्या पोटातून निघणाऱ्या विविधरंगी पेयात लोकांसाठी शिफा असल्याचेही त्याच ठिकाणी आले आहे. या आयतीतील 'शिफा' हा शब्द अरबीत अनिश्चित रूपात आहे. तो निश्चित रूपात असता तर मध प्रत्येक रोगावरचे औषध ठरला असता, अशी नोंद हाफिज इब्ने कसीर (रह.) यांच्या तफसीरमध्ये आहे. हा बारकावा ध्यानात ठेवून पुढे वाचावे.

मधात जंतू का टिकत नाहीत? दाट साखर जंतूंतील पाणी शोषून घेते, आणि मधाची आम्लताही त्यांना मानवत नाही. माशीने मिसळलेले ग्लुकोज ऑक्सिडेज हे विकर मध पातळ होताच हायड्रोजन पेरॉक्साइड तयार करू लागते. यांखेरीज माशीच्या डोक्यातील ग्रंथींतून आलेले 'डिफेन्सिन-1' नावाचे पेप्टाइड असते. पेप्टाइड म्हणजे अमिनो आम्लांची छोटी साखळी. 2010 मध्ये नेदरलँड्समधील संशोधकांनी औषधी दर्जाच्या एका मधातील हे घटक एकामागून एक निष्प्रभ करून पाहिले. एखादा घटक गेल्याने मधाची सारी शक्ती संपली नाही. वेगवेगळ्या जंतूंवर वेगवेगळे घटक मिळून काम करीत होते.

राणीमाशीचे अन्न असलेल्या रॉयल जेलीतही अशी पेप्टाइडे आहेत. 1990 मध्ये सापडलेले 'रॉयलिसिन' 51 अमिनो आम्लांचे आहे, तर 'जेलीन' अवघ्या आठ-नऊ अमिनो आम्लांचे. हे जेलीन बेडकाच्या त्वचेतील 'टेम्पोरिन' या पेप्टाइडासोबत वापरले असता दोघांचा स्टॅफिलोकोकस जंतूंवरील परिणाम वाढल्याचे इटलीतील संशोधकांना आढळले. ही एकजूट कशी चालते, याचे स्पष्ट उदाहरण मधमाशीच्या जवळच्या नात्यातील एका केसाळ माशीच्या शरीरद्रवात मिळाले. तेथील 'अबेसिन' एकटे असता ई. कोलाय या जंतूचे काहीच बिघडवू शकत नाही. 'हायमेनॉप्टेसिन' जंतूच्या आवरणाला छिद्रे पाडते, तेव्हा कुठे अबेसिन आत शिरून त्याच्या एका आवश्यक प्रथिनाला जखडते. एकाने दार उघडावे, दुसऱ्याने आत जावे! औषधांना दाद न देणारे जंतू वाढत असताना अशा जोड्यांकडे वैद्यकाचे लक्ष लागले आहे ते यामुळेच.

तथापि, हे वाचून घरातल्या बरणीकडे धाव घेऊ नये. डिफेन्सिनचे प्रमाण प्रत्येक मधात सारखे नसते. न्यूझीलंडच्या प्रसिद्ध मानुका मधात तर ते आढळलेच नाही, त्याचे बळ निराळ्याच घटकात आहे. मध उकळला की ग्लुकोज ऑक्सिडेज नष्ट होते. रुग्णालयात जखमेवर लावतात तो मध गॅमा किरणांनी निर्जंतुक केलेला असतो. मधुमेही वडिलांच्या पायाच्या जखमेवर बाजारातला मध ओतून दवाखाना टाळणे ही सुन्नत नव्हे, पैगंबर (स.) यांनी उपचार करून घेण्याचीही शिकवण दिली आहे.

सर्वांत जपायला हवे ते तान्ह्या बाळाला. तहनीक म्हणून किंवा घुटी म्हणून नवजात बालकाला मध चाटविण्याची चाल आपल्या पुष्कळ घरांत आहे, आणि ती प्रेमापोटीच आहे. पण मधात कधी कधी क्लोस्ट्रिडियम बोट्युलिनम या जंतूची बीजे असतात. वर वर्णिलेली सारी शस्त्रे वाढत्या जंतूंवर चालतात. निद्रिस्त बीजावर ती चालत नाहीत. मोठ्यांच्या आतड्यात ही बीजे रुजत नाहीत, मात्र एक वर्षाखालील बाळाच्या आतड्यात ती रुजून विष तयार करू शकतात. त्यातून बद्धकोष्ठता, क्षीण रडणे, दूध ओढता न येणे आणि शेवटी श्वासाचे स्नायू लुळे पडणे इथपर्यंत मजल जाते. अशी लक्षणे दिसताच बाळाला विलंब न करता रुग्णालयात न्यावे.

हजरत अब्दुल्लाह बिन जुबैर (रजि.) यांचा जन्म कुबा येथे झाला, तेव्हा पैगंबर (स.) यांनी त्यांची तहनीक केली ती खजुराने. आपल्या घरीही स्वच्छ हाताने अगदी मऊ केलेल्या खजुराचा केवळ अंश बाळाच्या टाळूला लावता येईल, आणि मधाची बरणी त्याच्या पहिल्या वाढदिवसापर्यंत वरच्या फळीवर ठेवता येईल.