कुत्र्याची लूत : ओळख आणि उपचार

अंगावरचे केस झडलेले, कातडी राठ झालेली आणि क्षणोक्षणी अंग खाजविणारे कुत्रे सर्वांच्या परिचयाचे आहे. त्याला लूत भरली असे म्हणून लोक त्यास घराबाहेर घालवितात. वस्तुतः हा रोग बरा होणारा आहे. मात्र त्यासाठी त्याचे कारण समजून घेतले पाहिजे.

लूत रक्तदोषातून उद्भवत नाही. सार्कोप्टीस नावाचा, अर्ध्या मिलिमीटरहूनही लहान असा जीव तिचे मूळ होय. तो कीटक नसून, कोळी व गोचीड यांच्याप्रमाणे अष्टपाद वर्गातील आहे. मादी कातडीच्या वरच्या थरात बोगदा खणून त्यात अंडी घालते. अंड्यापासून पूर्ण वाढ होण्यास दोन ते तीन आठवडे लागतात. माणसाची खरूजही अशाच जीवामुळे होते, हे बोनोमो या इटालियन वैद्याने १६८७ साली दाखवून दिले.

लुतेचा प्रारंभ बहुधा कानांच्या कडा, कोपरे, मागच्या पायांचे घोटे व पोट येथे होतो. खाज अत्यंत तीव्र असते. कानाच्या पाळीची कड बोटांत धरून हलके चोळली असता पुष्कळदा कुत्रे मागचा पाय खाजविल्याप्रमाणे हलवू लागते. ही एक उपयुक्त खूण आहे. पशुवैद्य कातडी खरवडून सूक्ष्मदर्शकाखाली पाहतात. तथापि, जीव दिसला नाही म्हणून लूत नाहीच असे म्हणता येत नाही.

सारखे दिसणारे इतर रोग वेगळे ओळखावेत. डेमोडेक्स हा जीव केसांच्या मुळाशी राहतो. त्यामुळे डोळ्यांभोवती व पुढच्या पायांवर केस जातात, परंतु आरंभी खाज थोडी असते आणि माणसास त्याची बाधा होत नाही. नायटा हा बुरशीचा रोग असून तो मुलांना सहज लागतो. पिसवांची खाज मुख्यतः शेपटीच्या बुडाशी असते.

उपचारासाठी रॉकेल किंवा गाडीचे जळके तेल कधीही लावू नये. त्याने कातडी भाजते आणि कुत्रे अंग चाटते तेव्हा ते विष पोटात जाते. औषध पशुवैद्याच्या सल्ल्याने व कुत्र्याच्या वजनाच्या प्रमाणात द्यावे. आयव्हरमेक्टिन गुणकारी असले तरी कोली जातीच्या पुष्कळ कुत्र्यांत आनुवंशिक दोषामुळे ते मेंदूत शिरते व प्राणघातक ठरू शकते. अलीकडे फ्लुरालानर वर्गातील गोळ्याही वापरात आल्या आहेत. कुत्र्यांसाठी असलेले परमेथ्रिन मांजरास लावू नये. ते त्यास विषारी असते.

रोगी कुत्र्याच्या सहवासातील सर्व कुत्र्यांवर एकाच वेळी उपचार करावेत. अन्यथा एकाची लूत पुन्हा दुसऱ्यास लागते. अंथरूण उकळत्या पाण्यात धुवावे. घरातील माणसांच्या अंगावर तांबडे पुरळ उठू शकते. पण हा जीव माणसाच्या अंगावर आपला वंश वाढवू शकत नाही, म्हणून कुत्रे बरे झाल्यावर तेही सहसा नाहीसे होते. खाज थांबली तरी सांगितलेल्या मुदतीपूर्वी औषध बंद करू नये. घराबाहेर घालविलेले कुत्रे रोग गावभर नेते. उपचार केलेले कुत्रे मात्र काही आठवड्यांत पुन्हा अंगणात खेळू लागते.