डब्यावर 1250 टक्के

आमच्या सोसायटीतल्या वेलनेस कोच बाई लिफ्टमध्ये भेटल्या की अजून म्हणतात, “वहिनी, व्हिटॅमिनने कधी खडा होतो का?” म्हणून एकदा सगळं लिहूनच टाकते.

पाण्यात फेसाळणाऱ्या व्हिटॅमिन सीच्या गोळ्या, रोज दोन, असं त्यांनी यांना सांगितलं. डबाही त्यांच्याकडचाच. यांना पूर्वी मूतखडा होऊन गेलाय, हे मी फॉर्म भरतानाच बोलले होते. “जास्तीचं लघवीतून निघून जातं हो!” निघूनच जायचं तर विकत कशाला घ्यायचं, हेही मी तेव्हाच विचारलं होतं. पण कोचपुढे बायकोचं कोण ऐकतो?

मग एका रात्री कळ आली. वाशीच्या डॉक्टरांनी विचारलं, काय काय घेता? मी डबा पुढे केला. त्यांनी बारीक अक्षरांवर बोट ठेवलं: एका गोळीत 1000 मिलिग्रॅम, रोजच्या गरजेच्या 1250 टक्के. एवढे दिवस तो डबा आमच्या जेवणाच्या टेबलावर होता! हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेची 2020ची शिफारस आहे पुरुषाला दिवसाला 80 मिलिग्रॅम, बाईला 65, अंगावर पाजणारीला 115. म्हणजे हे रोज पंचवीस दिवसांचं सी एका दिवसात पीत होते. जास्तीच्या सीचं शरीरात काही प्रमाणात ऑक्झलेट होतं आणि ते कॅल्शियमशी जमून खडा धरतो. स्वीडनमधल्या, 2013 साली छापून आलेल्या अभ्यासात अशा गोळ्या घेणाऱ्या पुरुषांत खड्याचं प्रमाण साधारण दुप्पट दिसलं होतं. “हेच एक कारण असं म्हणणार नाही, पण आजपासून बंद,” डॉक्टर म्हणाले. कोचबाईंनी त्यातलं पहिलं अर्धं वाक्यच तेवढं उचललं.

तर, खडा होऊन गेला असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय सीच्या मोठ्या गोळ्या नकोत. फेसाळणाऱ्या गोळीत सोडियमही असतं. बीपीवाल्यांनी डबा उलटून बघावा. सर्दी होऊच नये म्हणून घेत असाल तर तेही सोडा. रोज घेऊनही सर्वसाधारण माणसाची सर्दी टळत नाही, फार तर थोडी लवकर आवरते.

शंभर ग्रॅम पेरूत दोनशे मिलिग्रॅमच्या वर सी असतं. तुर्भ्याच्या फळबाजारात हिवाळ्यात पेरू-आवळ्यांचे ढीग लागलेले असतात, आणि आम्ही इथे डबे मागवत होतो! लिंबू पिळायचं ते आमटी गॅसवरून उतरवल्यावर. उकळीत सी जातं. भाजी आधी धुवा, मग चिरा. पाणी भरपूर प्या, चौरस आहार घ्या, हे काय, सगळेच सांगतात.

आणि कोणी घरी येऊन डबा दिला तर पक्कं बिल मागा. मी मागितलं तेव्हा बाई म्हणाल्या, “आपल्यात कसलं बिल, वहिनी?” उरलेले दोन डबे त्यांनी परत घेतलेले नाहीत.